एका मोबाईलवर एक हजेरी

"अकरा नंबर! अकरा नंबर कोण? आजोबा, तुम्हीच ना? रिकाम्या पोटी आलात की बिस्किट खाऊन? खरं सांगा हं, खोटं मी लगेच पकडते."

प्रधान मास्तर डोळे मिटून बसले होते. माजिवड्याच्या त्या लॅबमध्ये सकाळी आठ वाजता डोळे मिटून बसण्याची त्यांची कारणं दोन. एक, पोटात कालपासून अन्नाचा कण नव्हता. आणि दुसरं, सुईची भीती, जी त्यांनी बासष्ट वर्षं जगापासून आणि पस्तीस वर्षं सरोजपासून, म्हणजे खुद्द बायकोपासून, लपवून ठेवली होती. डोळे मिटलेल्या माणसाला कान जरा जास्तच फुटतात. 'खोटं मी लगेच पकडते' हे शब्द आले ते थेट बरगडीखाली जाऊन बसले. हा आवाज त्यांचा होता. म्हणजे त्यांच्या ओळखीचा, त्यांनी रोज वाट पाहिलेला. वाक्याच्या सुरुवातीला सपाट चालणारा आणि शेवटच्या शब्दाला टाचा उंचावून फळीवरचं काहीतरी चाचपणारा. साडेपाच वर्षांपूर्वी तूरडाळीच्या डब्याला टेकवलेल्या फोनमधून हा आवाज त्यांच्या वर्तकनगरच्या स्वयंपाकघरात यायचा. अख्ख्या ठाण्यात त्यांनी तो कुठेही ओळखला असता. चेहरा मात्र कधी पाहिलाच नव्हता.

"पायल!" मास्तर म्हणाले, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

समोर निळा एप्रन घातलेली विशीतली मुलगी. एका हातात नंबरांचे कागद, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. तिने मास्तरांकडे टक लावून पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावरून आजोबांना हाका मारणारी मुलगी हळूच उतरून गेली आणि तिथे दुसरीच कुणीतरी येऊन उभी राहिली.

"पायल नाही, सर," ती म्हणाली. "रचना. रचना बाबुराव हिवराळे. दहावी ब, रोल नंबर चौतीस. तुम्ही पटावरून काढलेलं नाव."

सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली हे मास्तरांना कळलं नाही. बासष्ट वर्षांत पहिल्यांदाच.

आता ते टाळेबंदीचं वर्ष कसं होतं ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको, आणि जे तेव्हा डोळ्यांवर पांघरूण घेऊन पडले होते त्यांना सांगून उपयोग नाही. पण मास्तरांच्या डोक्यात ते वर्ष होतं ते काळ्या चौकोनांचं. त्याआधी अठ्ठावीस वर्षं ते पाचवी-सहावीला शिकवत आले. नेमकी त्याच जूनमध्ये दहावी ब त्यांच्या गळ्यात पडली, तीही न दिसणारी. चौकटीत कुणाचं गुलाबाचं फूल, कुणाच्या भावाचं बारसं, कुणाचा बुद्ध, कुणाचं नुसतं अक्षर. मुलांचे फोन स्वस्तातले, नेट त्याहून स्वस्त, त्यामुळे कॅमेरे बंद. बाकीचे शिक्षक व्हिडिओ पाठवून मोकळे व्हायचे. मास्तर मात्र बोलायचे. इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस, त्याला समोर ऐकणारं कुणी आहे की नाही हे कळल्याशिवाय तोंड चालवता येत नाही. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. रोज धडा झाला की एक लोणकढी गोष्ट सांगायची आणि तिच्यात एक खोटं पेरायचं. जो पकडेल त्याला शाबासकी. म्हणजे कोलशेतच्या खाडीत शंभर वर्षांपूर्वी एक मगर होती, ती मिठागरातल्या मिठाची पोती पाठीवर घेऊन कळव्याला पोचवायची, भरतीला जायची नि ओहोटीला परत यायची, आणि एका अमावास्येला चंद्र उगवताना तिने पोतं पाण्यात पाडलं, म्हणून खाडीचं पाणी खारट. सगळा वर्ग गप्प. एवढ्यात पिवळा हात वर यायचा, तो पडद्यावरचा चिमुकला हात, आणि आवाज म्हणायचा, "सर, अमावास्येला चंद्र कुठून उगवणार?" मास्तर म्हणायचे, "आणि मगर? मगर चालते तुला?" आवाज म्हणायचा, "मगरीचं बघू सर. एका गोष्टीत एकच खोटं पकडायचं असं तुम्हीच सांगितलेलं." मास्तर स्वयंपाकघरात एकटेच हसायचे, आणि सरोज ओट्याकडून विचारायची, "कुणाशी हसताय?" "पायल सोनकांबळेशी," मास्तर सांगायचे. "त्रेपन्न पोरांतली एक जिवंत आहे."

दंडाच्या घडीत कापूस दाबून मास्तर रस्त्याकडच्या बाकावर बसले. माजिवड्याच्या पुलाखालून ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकबरोबर लॅबची काच थरथरायची. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत चार पानं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची पुस्तिका निघायची होती, नाव 'टाळेबंदीतली जिद्द', आणि आज साडेअकराला तिचं प्रकाशन. मुख्याध्यापिका क्षिप्रा मॅडमनी फोन करकरून मास्तरांकडून लेख लिहून घेतला होता: पायल सोनकांबळे, एकही दिवस न चुकवता वर्गात आलेली मुलगी. परीक्षा न होता तोंडी आणि अंतर्गत गुणांवर निकाल लागला त्या वर्षी; इतिहासाच्या तोंडीत मास्तरांनी तिला पूर्ण गुण दिले होते आणि मनात म्हटलं होतं, आणखी असते तर आणखी दिले असते. आज तिचा सत्कार होता. मास्तर हा लेख स्वतः वाचणार होते. काल आरशासमोर दोनदा वाचूनही झाला होता, एके ठिकाणी घसा दाटून येतो तेही बसवून झालं होतं.

रचना बाहेर आली. तिने मास्क काढून एप्रनच्या खिशात कोंबला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे दोन माणसांची जागा सोडून.

"फोन तिचा होता, सर. तिच्या पप्पांचा. आमच्या दोघींच्या खोल्या चिकटून, कोलशेतला. माझ्या बाबांकडे बटनाचा फोन. लॉकडाऊन लागला, तिच्या पप्पांचं, महेंद्रकाकांचं, काम सुटलं, तिची आई आजारी. मग पायल लागली पॅकिंगला, एका गाळ्यात. सकाळी साडेसात ते पाच. खोक्यांना टेप लावायची. फोन घरी पडलेला. मी म्हटलं, मी बसते."

"पण मग दोघींची हजेरी..."

"एका मोबाईलवर एक हजेरी," ती म्हणाली. सपाट. शेवटी टाचा उंचावल्या नाहीत. "तुमचंच होतं ना ते परिपत्रक?"

त्यांचंच होतं. मास्तरांना परिपत्रकाचा कागद आठवला, फॉन्टसकट. वर्ग सुरू झाला तेव्हा एकेका फोनवरून पाच-पाच पोरं हजर व्हायची; 'मी पण आहे सर, माझा भाऊ पण आहे, खालच्या मजल्यावरचा संदेश पण आहे.' यातले निम्मे झोपलेले असणार हे मास्तरांनी ताडलं आणि शिक्षकांच्या सभेत ठराव मांडला: एका मोबाईलवर एक हजेरी. बोगस हजेरीला आळा. केवढा अभिमान वाटला होता तेव्हा! तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना पुढच्या सभेत उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. चोर पकडायला जाळं विणलं आणि त्या जाळ्यात कोण अडकलं, तर एका फोनवर दोघींचीही नावं टिकवू शकल्या असत्या अशा दोन मुली. त्यातल्या एकीला नाव सोडावं लागलं. फोन जिचा नाव तिचं. कान मात्र दुसरीचे.

"मी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरतेय, सर. बाहेरून. परवा शेवटची तारीख. शाळेत तीनदा जाऊन आले दाखल्यासाठी. ते त्र्यंबक क्लार्क म्हणतात, तुझ्या नावापुढे शेरा आहे, 'गावी स्थलांतर, दाखला नेला'. मी कुठला नेलाय? मी तर कोलशेत सोडून कळव्यापलीकडे गेलेली नाही. ते म्हणतात वर्गशिक्षकाचं पत्र आण, मग डुप्लिकेट देतो. मी तुमच्या घरी येणार होते. दोनदा बिल्डिंगखाली येऊन परत गेले."

"का?"

"राग यायचा."

मास्तर म्हणाले, "बघतो मी. बोलतो शाळेत."

"'बघतो' म्हणजे नाही, सर," ती उठत म्हणाली. "पकडलं. जेवून दोन तासांनी परत या, जेवणानंतरचं सॅम्पल द्यायचंय. मी पाचपर्यंत आहे."

शाळेकडे जाणारी रिक्षा मिळेपर्यंत मास्तर रागावले नव्हते. भूक होती, भोवळ होती, राग नव्हता. तो आला रिक्षात. आणि आला तो सरळ रस्त्याने नाही, गल्लीबोळांतून, आधी फालतू लोकांवर. रिक्षावाल्यावर, कारण तो गाणं लावून चालला होता. मग क्षिप्रा मॅडमवर. मग त्या 'जिद्द' या शब्दावर. काय शब्द आहे! पोराच्या पायाखालची फळी काढून घ्यायची, मग ते खिडकीच्या गजाला लोंबकळत राहिलं की खालून टाळ्या वाजवायच्या, बघा किती जिद्दी! आणि खाली पडलं ते? त्याच्या नावापुढे शेरा. 'गावी स्थलांतर.' हा शेरा कुणी लिहिला? अक्षर कुणाचं? मास्तरांनी रिक्षाचा दांडा घट्ट धरला. कॅडबरीच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि तिथे, त्या तीन मिनिटांच्या लाल दिव्यात, त्यांना ती सकाळ आठवली जी त्यांनी इतकी वर्षं नेटचा घोळ म्हणून घडी घालून ठेवली होती.

ऑक्टोबर असावा. धडा संपला होता, गोष्ट रंगात आली होती; येऊरच्या बिबट्याला चष्मा लागला आणि तो वर्तकनगरात डोळे तपासायला उतरला, अशी काहीतरी. आवाजाचा माईक चालू राहिलेला. मागून एक बाई ओरडली, चाळीतल्या बायका ओरडतात तशी, भिंतीआरपार: "रचने! ए रचने, पाणी आलंय, हंडा लाव! काय त्या फोनला चिकटलीयेस सकाळपासून!" मग खट्. माईक बंद. मिनिटभराने तोच आवाज, धापा टाकत: "सॉरी सर. शेजारी कुणालातरी बोलवत होते." आणि मास्तर काय म्हणाले होते? मास्तर हसले होते. म्हणाले होते, "असू दे, असू दे. तर बिबट्याला नंबर निघाला किती?"

नेटचा घोळ! नेटच्या घोळाला कुणी हंडा लावायला सांगत नाही. त्यांनी ऐकलं होतं. त्याच क्षणी पकडलं होतं. चौतीस नंबर, सतत गैरहजर, हिवराळे. आणि चाळीस नंबर, सतत हजर, सोनकांबळे. पत्ता एकच, खोली क्रमांक पुढचा-मागचा. एवढी बेरीज पाचवीचं पोरही करतं. मग गप्प का बसले? मुख्याध्यापकांना उपस्थितीचे आकडे वर पाठवायचे होते, हे एक. आपणच काढलेल्या परिपत्रकाचं हसं झालं असतं, हे दुसरं. पण या दोन्ही कारणांच्या खाली, डब्याच्या तळाशी चिकटलेलं असावं तसं तिसरं होतं आणि ते खरवडायला मास्तरांना कॅडबरीचा सिग्नल लागला: त्यांना तो आवाज हवा होता. त्रेपन्न काळ्या चौकोनांत ऐकणारं ते एकच होतं. ते उघडं पाडलं तर वर्गात कोण उरणार? एका म्हाताऱ्याच्या गोष्टीला श्रोता हवा, म्हणून एका मुलीने दुसरीच्या नावाखाली बसून राहावं.

आणि अजून संपलेलं नाही. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, पण आठवणीला ब्रेक नव्हता. नोव्हेंबरात आदेश आला, सतत गैरहजर मुलांची नावं कमी करा, कारणासह. यादी मास्तरांनी वर्गात वाचून दाखवली होती. वाचायची काही गरज नव्हती! पण वाचली. चौतीस नंबरशी आले आणि म्हणाले, "पायल, ही हिवराळे तुमच्या शेजारी राहते ना गं? का येत नाही ती?" माहीत असून विचारलं. कारणाचा रकाना भरायचा होता, आणि रकान्यात कुणाच्या तरी तोंडचं कारण हवं होतं. कुकरची शिट्टी झाली, कुणाच्या घरातली कोण जाणे. मग आवाज म्हणाला, "सर, ती गावाला गेली." मास्तरांनी लिहिलं. 'गावी स्थलांतर.' सुंदर अक्षरात लिहिलं. 'दाखला नेला' ही भर त्यांची स्वतःची, म्हणजे प्रश्न मिटला. त्या दिवशी गोष्ट सांगितली नव्हती. तेवढंच काय ते.

शाळेच्या दारात रांगोळी, फुगे, आणि फ्लेक्सवर हसणारी मुलं, जी या शाळेची नव्हती, कुठून तरी विकत घेतलेली होती. क्षिप्रा मॅडम लगबगीने पुढे आल्या. चाळिशीच्या, हुशार, तीन वर्षांपूर्वीच आलेल्या. टाळेबंदीत त्या कुठल्याशा दुसऱ्या शाळेत होत्या, त्यामुळे त्यांच्यावर रागावून उपयोग नव्हता, तरी मास्तर रागावले.

"सर, या ना! तुमचा लेख म्हणजे आजचा हायलाइट आहे. ट्रस्टींना मी सांगून ठेवलंय. मुलांची रेझिलियन्स काय असते ते तुम्ही असं काही मांडलंय ना!"

"पायल आलीय?"

"स्टाफरूममध्ये बसलीय. जरा लाजरी आहे हो. बोलतच नाही."

स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक उंच मुलगी बसली होती, नवीन ड्रेसची ओढणी दोन्ही हातांनी धरून. मास्तर आत आले तशी ताडकन उठली. उजव्या अंगठ्याच्या बाजूला जुना, पांढरा पडलेला चर. टेपच्या पात्याचा असणार. ती बोलली तेव्हा मास्तरांनी पायल सोनकांबळेचा आवाज पहिल्यांदा ऐकला. जाड, घोगरा, तळातून येणारा. त्या आवाजात कुठेही टाचा उंचावलेल्या नव्हत्या.

"सर, मी सुट्टी टाकून आलीय डोंबिवलीवरून. सत्काराला नाय आले. तुम्हाला सांगायला आले. ते वाचू नका."

"तुला माहितीय मी काय लिहिलंय?"

"मॅडमनी व्हॉट्सअॅपला पाठवलेलं. मी वाचलं आणि रडले, सर. किती चांगली मुलगी आहे ती! मी तर तेव्हा खोकी चिकटवत होते. कुणी मला जिद्द विचारली असती तर तिथली सांगितली असती. एका शिफ्टला चारशे खोकी. तुमच्या गोष्टी रचना मला संध्याकाळी सांगायची, भांडी घासताना. मला वाटायचं तीच बनवते." तिने ओढणी पिळली. "ती मला एक वाकडा शब्द बोललेली नाय आजपर्यंत, सर. पाच वर्षं झाली. नुसती हसते. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

आणि एवढं सगळं कळल्यावर, वाचकहो, माणसाने काय करावं? मास्तरांनी ते केलं जे त्यांना येत होतं. नाव पुकारलं तसे मंचावर गेले, माईक दोनदा ठोकला, चार पानांची घडी पिशवीतच ठेवली आणि म्हणाले, "मी वाचणार नाही. गोष्ट सांगतो. माझ्या वर्गाचा नियम होता, गोष्टीत एक खोटं असतं. पकडा." सभागृहात खुर्च्या भरलेल्या; ट्रस्टी, पालक, पुढे नववीची मुलं मांडी घालून. मास्तरांनी सांगितलं: एक शाळा होती, तिच्यात एक मास्तर होता, त्याला वाटायचं आपण फार हुशार. त्याने नियम काढला, एका मोबाईलवर एक हजेरी. मग एका चाळीत एक मुलगी रोज सकाळी फोनपुढे बसायची. तिने एकही दिवस चुकवला नाही, एकही खोटं सोडलं नाही, आणि तिचं नाव पायल. सांगताना आवाज चढत गेला. टेबलावर त्यांची मूठ आपटली तेव्हा पाण्याची बाटली आडवी झाली. पहिल्या रांगेतल्या ट्रस्टींनी मान डोलावली. काय तळमळ आहे, काय तळमळ!

"पकडा," मास्तर म्हणाले. "यात खोटं काय?"

मागे एक बाळ रडलं. नववीतली दोन मुलं एकमेकांना कोपरं मारत होती. मास्तर थांबले. पडद्यावर थांबायचे तसे. आणि मग मंचावरच, सत्काराच्या खुर्चीतून, एक हात वर आला. खराखुरा, कोपरापासून, अंगठ्यावर चर असलेला.

"हं, पायल."

पायल उभी राहिली. माईक नव्हता तरी तिचा घोगरा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "सर, ती मुलगी मी नाही."

आणि टाळ्या. आधी ट्रस्टींच्या, मग सगळ्यांच्या. क्षिप्रा मॅडमनी डोळे टिपत माईक घेतला. "बघा! इतकं करूनही किती नम्रता! श्रेय घ्यायला तयार नाही! हीच आपल्या शाळेची संस्कृती!" पायल पुन्हा काहीतरी म्हणाली, "अहो नाही, खरंच," पण टाळ्यांनी ते पुसून टाकलं. कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली, हातात श्रीफळ कोंबलं, फोटोवाल्याने हनुवटी वर करायला सांगितली. भर सभेत, भर दुपारी खरं बोललं गेलं होतं आणि लोकांनी ते शालीत गुंडाळून परत दिलं होतं. मास्तरांना वाटलं माईक उपटावा आणि त्या हसणाऱ्या फ्लेक्सवर फेकावा. मग पायलने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की पुढचं वाक्य आपलं होतं, 'ती मुलगी कोण, आणि तिचं नाव कुणी कापलं'. ते आपण अजून बोललेलो नाही, आणि टाळ्या सुरू झाल्या तेव्हा पोटाच्या एका कोपऱ्यात आपल्याला हायसं वाटलं. हो, वाटलं. तो कोपरा त्यांनी नीट पाहून ठेवला.

ते उतरले आणि सरळ कचेरीत गेले. त्र्यंबक क्लार्क वड्याचा घास घेत होता.

"कोरा कागद दे. आणि चौतीस नंबरचं रजिस्टर काढ, दोन हजार वीसचं."

"हिवराळे ना? ती पोरगी येऊन गेली तीनदा. सर, तुम्ही पत्र द्या, उद्या सकाळी दाखला तयार. मला काय!" त्र्यंबकने बोटं पुसली आणि आवाज खाली आणला. "फक्त लिहिताना जरा सांभाळून. 'नजरचुकीने नाव कमी झाले' असं लिहा. चालून जातं. दुसरं काही लिहिलंत तर दाखला मिळेल तिला, पण कागद वर जाईल, कुणीतरी चौकशी लावेल, तुमच्या पेन्शनच्या फायलीपर्यंत विषय. उगाच कशाला?"

"मला शिकवू नकोस," मास्तर गरजले, इतके की बाहेरचा फुगा फुटल्यासारखा वाटला. मग बसले आणि पत्र लिहिलं. पायलचं नाव त्यात कुठेही येऊ दिलं नाही. तिच्या निकालाला धक्का लागायचं कारण नव्हतं. सही केली, तारीख घातली, घडी केली. वाचून पाहिलं नाही.

चार वाजता ते लॅबमध्ये परतले. गर्दी ओसरली होती. रचना काउंटरवर नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. एकाही चिठ्ठीची कड वाकडी जात नव्हती.

"जेवलात?"

"दोन वाजता. पोळी, भाजी, वरण..."

"खोटं."

मास्तरांनी मान खाली घातली. "एक पेढा खाल्ला. तोही अर्धा. सकाळपासून."

"मग सॅम्पल उद्या. उपाशी माणसाचं काय घेऊ?" असं म्हणून तिने आतून एक केळं आणलं, सोलून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि हात पुढे केला. मास्तरांनी पत्र दिलं. ती उभ्याउभ्याच वाचू लागली. ओठ हलत होते. मास्तर केळं खात तिच्या ओठांकडे पाहत राहिले, काळ्या चौकोनामागे वर्षभर काय चाललं असेल ते आत्ता दिसत असल्यासारखे. '... ही विद्यार्थिनी दहावीच्या वर्षी माझ्या ऑनलाइन वर्गात नियमित उपस्थित होती. तिचा आवाज मी स्वतः ऐकलेला आहे. ती गावी गेली नव्हती. तिने दाखला नेलेला नाही. तिचे नाव नजरचुकीने पटावरून कमी झाले...'

ती थांबली. बोट कागदावर एका जागी टेकलेलं. बाहेरून एक ट्रक गेला, काच थरथरली.

"एक आहे, सर," ती म्हणाली. शेवटच्या शब्दाला आवाज टाचांवर उभा राहिला. "आईने हाक मारलेली त्या दिवशी. हंडा लाव म्हणून. तुम्ही हसलेलात. मी माईक बंद केला ना, त्याच्या आधी ऐकलेलं मी तुमचं हसणं."

तिने डोळे वर केले नाहीत. रागावलेलीही दिसत नव्हती. राग इतका जुना झाला होता की तो आता तिच्या बसण्याउठण्यात, त्या सरळ चिकटवलेल्या चिठ्ठ्यांत गेला होता. मास्तरांनी खिसे चाचपले, पेन सापडेना. तिने काउंटरवरचं, दोऱ्याने बांधलेलं पेन ढकललं. दोरा आखूड होता. मास्तरांना वाकावं लागलं. त्यांनी 'नजरचुकीने' या शब्दावर एक आडवी रेघ मारली. मग त्याच्या वर, त्याच सुंदर अक्षरात, ज्या अक्षरात त्यांनी तो शेरा लिहिला होता, लिहिलं: 'मला माहीत असताना'.

रचनाने कागद फिरवून घेतला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पुन्हा वाचला. बराच वेळ लागला. मागे एक माणूस लघवीची बाटली घेऊन ताटकळत होता. तिने त्याला एका हाताने थांबवलं.

"आता खाडाखोडीजवळ सही करा, सर," ती म्हणाली. "नाहीतर त्र्यंबककाका म्हणतील मीच बदललं."